माळ्यावरची नरसाळी

कोथरूडचं दुकान बंद केलं तेव्हा सुदर्शनरावांनी रॉकेल ओतायची पत्र्याची नरसाळी पोत्यांनी घरी आणून माळ्यावर रचली. रॉकेल कधीच हद्दपार झालं होतं, पण भंगाराचं नाव काढलं की ते ताटावरून उठत.

यंदा संक्रांतीला ते धायरीला मित्राकडे गेले आणि त्यांच्या पत्नी दीपमालाबाईंनी अख्खी सोसायटी हळदीकुंकवाला बोलावली. प्रत्येकीला लहानमोठी पाच नरसाळी वाण म्हणून दिली. वाण कुणी नाकारत नाही, हे त्या पक्कं जाणून होत्या.

“अहो, रॉकेल मिळतं कुठे आता?” शेजारच्या लिमयेकाकूंनी विचारलं.

“म्हणूनच जपून वापरा.”

माळा रिकामा झाला. पण हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात. बाई ज्या घरी गेल्या तिथे वाण म्हणून नरसाळंच हातात पडलं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

वाणात आलेल्या नरसाळ्यांची पिशवी एके दिवशी सुदर्शनरावांना सापडली. नरसाळ्यावर आपल्याच दुकानाचं नाव वाचून त्यांची कळी खुलली.

“बघ, लोक अजून हौसेने देतात. कुणाला हवी असतील तर माळ्यावर पोती आहेत म्हणावं. फुकट मात्र द्यायची नाहीत.”

“छे, फुकट कशाला,” दीपमालाबाई म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवलं.