फिनाइल सिस्टर आणि केसाळ झाड

फिनाइल सिस्टरना ज्याची किळस येत नाही असा पदार्थ दवाखान्याबाहेरच्या जगात एकच होता, उकळतं पाणी. ऑपरेशन थिएटरमध्ये एकतीस वर्षं काढली तेव्हा हे नाव चिकटलं, ते निवृत्तीनंतर घरीही आलं. रक्त, पू, कापलेलं आतडं यांचं त्यांना काही वाटायचं नाही, ते कामाचं होतं. पण बेसिनमध्ये एक केस दिसला की घास घशाखाली उतरायचा नाही.

अशा घरात सून लग्नानंतर एक कुंडी घेऊन आली. जाड, फुगीर पानं, त्यांवर करडी लव, कडांना तपकिरी ठिपके. उंदराचे कान कापून कोणी देठाला डकवलेत, असं सिस्टरना वाटलं. सून येता-जाता एखाद्या पानावरून बोट फिरवायची.

"मेल्या उंदराला कुरवाळल्यासारखं काय करतेस? आधी हात धू," सिस्टर म्हणायच्या. सून बेसिनकडे जायची. चार वर्षं, रोज. झाड तिच्या आईचं होतं. आई गेल्यावर माहेरचं घर मोडलं, तेव्हा तिने तिथून एवढंच आणलं होतं. सिस्टरना हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या हात धुवायला लावत, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

यंदा मुलगा आणि सून कामानिमित्त तीन महिने परगावी गेले. निघताना सून म्हणाली, "आई, दर पंधरा दिवसांनी मातीत थोडं पाणी घाला. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका, हे सिस्टरना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. झाडाला काही झालं तर सून म्हणणार, सासूने मुद्दाम मारलं. तिला तोंड वर करून म्हणायला जागाच ठेवायची नाही, असं त्यांनी ठरवलं. आणि ती लव! धूळ बसलेली, जळमट अडकलेलं, बघूनच अंगावर काटा यायचा. त्यांनी कापसाचे बोळे उकळले, हातमोजे चढवले आणि जखम पुसतात तसं प्रत्येक पान पुसलं, मधून बाहेर, दर पानाला नवा ओला बोळा. रोज सकाळी. पाणी निथळून देठाशी साचत होतं, तिकडे कोण बघतो?

तीन आठवड्यांनी पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला. एकतीस वर्षांत त्यांचा एक बोळा कुणाच्या पोटात राहिला नव्हता, आणि आता झाडात राहिला? त्यांनी चिमट्याने तो उचलायला घेतला. कापूस चालायला लागला.

त्याला पाय होते. चिमट्यात तो फुटला आणि आतून गुलाबी पाणी आलं. सिस्टरनी चिमटा उकळत्या पाण्यात टाकला. मग वास आला, फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्यासारखा. देठ बुडाशी काळा, लिबलिबीत झाला होता.

कुंडी पिशवीत घालून, हात लांब धरून त्या नर्सरीत गेल्या.

"पिठ्या ढेकूण आहेत हे," नर्सरीवाला म्हणाला.

"माझ्या घरात ढेकूण? आणि तेही सुनेच्या झाडावर?"

"दमट जागा मिळाली की जोर धरतात. लवेवर पाणी घालता कशाला? ती लव त्याचं कातडंच आहे. देठ कुजलाय, बाई." मग त्याने कोपऱ्यातली एक कुंडी पुढे सरकवली. अगदी तसंच झाड, तेवढंच, स्वच्छ. "हे घेऊन जा. सुनेला काय कळतंय?"

सिस्टरनी कुंडीला हात घातला होता. पण ऑपरेशनमध्ये बोळ्यांची मोजणी जुळली नाही तर टाके घालण्याआधी सांगायचं, डॉक्टर कितीही ओरडोत, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यांनी हात मागे घेतला आणि काय करायचं ते विचारून घेतलं.

घरी येऊन त्यांनी सुरी स्पिरिटने पुसली. कुजलेल्या भागाच्या वर, देठ हिरवा होता तिथे कापलं. एकेक ढेकूण स्पिरिटच्या काडीने टिपला. हातमोज्यांना लव चिकटून निघत होती, म्हणून मोजे काढावे लागले. चार वर्षांत पहिल्यांदा त्या पानाला त्यांचं उघडं बोट लागलं. पान मऊ होतं. किळस गेली नाही, उगाच खोटं कशाला सांगा. पण सून रोज आईचा हाच स्पर्श शोधत असणार, हे त्यांना कळलं. आणि रोज आपण तिला ते धुवून टाकायला लावलं. त्या ढेकणांहून त्यांना स्वतःची जास्त किळस आली.

कापलेला शेंडा चार दिवस सुकवून त्यांनी कोरड्या, वाळू मिसळलेल्या मातीत लावला. मग खरोखरच बाकी काही केलं नाही. हात शिवशिवायचे, तेव्हा त्या खिडक्या पुसायच्या.

सून परतली. तिला बॅग खाली ठेवू न देताच सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या आईचं झाड मी कुजवलं. रोज पुसत होते. एवढंच वाचलंय."

चार बोटं उंचीचा देठ, सहा पानं. सुनेने बॅग खाली ठेवली. तिने वाकून एका पानावरून बोट फिरवलं, सावकाश, टोकापर्यंत. मग सवयीने वळली, बेसिनकडे गेली आणि नळ सोडला.

सिस्टर मागोमाग गेल्या. त्यांनी नळ बंद केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नको धुऊस."