राम रामाचं उत्तर

केनवडच्या बाजारात कडुलिंबाखाली दाढी करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी दर आठवड्याला ‘राम राम’ म्हणायचो. वस्तरा माझ्या गळ्याशी आणून तो हमखास विचारायचा, “काहून म्हनता, मास्तर? राम पाह्यला काय तुमी?” मी श्वास रोखून हसायचो.

बेचाळीस साली, इंग्रज सरकारच्या धरपकडीच्या दिवसांत, एकदा माझ्याआधी पोलीस जमादार बसला होता. त्याच्याही गळ्याशी वस्तरा थांबला. “साहेब, राजा पाह्यला काय तुमी?”

जमादार हसला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, “हा नेहमी असाच बोलते काय?”

माझी नोकरी सरकारी शाळेतली. “मले काय मालूम? मी तं आजच आलो इथं.”

पुढच्या बाजारी मी ‘राम राम’ म्हटलं.

“राम राम, मास्तर.” वस्तरा गळ्याशी आला. त्यानं काहीच विचारलं नाही.