गौरव्वाला ऐकू आलेली प्रार्थना

मुकी झाले तर देवाला हाक कशी मारायची, एवढा एकच प्रश्न त्या दिवसांत मला खात होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गळ्याला गाठ आली होती आणि डॉक्टर म्हणाले, "गाठ निघेल, पण आवाज राहील याची हमी नाही." चर्चच्या मंडळीत मी प्रार्थनेला उभी राहिले की रस्त्यावरच्या भाजीवालीलाही कळायचं, आज रविवार. हा खणखणीत आवाज आईकडून आलेला, आणि मला त्याचा अभिमान होता. कोल्हापूरच्या बाईनं देवाशी कुजबुजत का बोलावं? आता तोच आवाज देव मागतोय म्हणून मी त्याच्यावर रागावलेही.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण घशातून हवेखेरीज काही येईना. बोलायला सक्त मनाई. मी भिंतीकडे तोंड करून पडून राही. शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजची गौरव्वा होती, कपाळभर विभूती लावणारी. तिचं पोटाचं ऑपरेशन होतं. तिला न्यायला स्ट्रेचर आलं, तशी ती माझ्या उशाजवळच्या बायबलकडे बघून म्हणाली, "अक्का, माज्या शिवाला म्या सांगितलंया. तुमच्या देवालाबी सांगा की. लई भ्या वाटतंया."

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"व्हय, ठावं हाय. तरीबी सांगा."

मी तिचा हात धरून डोळे मिटले. नुसते ओठ हलले. बापा, हिला सांभाळ, माझा आवाज तुला हवा असेल तर तुझ्याकडेच ठेव, एवढंच मनात म्हणत राहिले. ते म्हणताना राग कधी गळून गेला ते कळलं नाही. डोळे उघडले तर गौरव्वा शांत पडली होती. "आलं ऐकू," ती म्हणाली, आणि वॉर्डातल्या मामांना म्हणाली, "चला आता."

ती सुखरूप परतली. माझाही आवाज काही महिन्यांनी आला, जरा खरखरीत, पण प्रभूनं दिला. त्याचे उपकार मी त्याच आवाजात मानते.

गौरव्वा दर नाताळला एसटीनं शेंगपोळ्या घेऊन येते. एकदा नव्या सुनेला घेऊन आली आणि दारातच तिला सांगू लागली, "हीच ती अक्का. हिच्याएवढी खणखणीत प्रार्थना म्या कुणाची ऐकली न्हाय बघ."

तिनं माझी तेवढी एकच प्रार्थना ऐकली आहे. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. उलट मान ताठ करून दोघींना आत घेतलं.