पाठीतलं पाणी

त्या दिवशी मला धरून ठेवलं ते आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी. आधी त्यांचं नाव घेतो, मग माझ्या पाठीचं सांगतो.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सोडली अन् फिरत फिरत वडवणीत ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागलो. एकदा ताप चढला, डोकं फुटायला आलं, मान वाकेना. उस्तादांनी जीपमध्ये टाकून बीडला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूज्वर वाटतोय, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल.

मी नको म्हणालो. पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो, हे गोंदियापासून वडवणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. एवढं शिकून डॉक्टरांनाच कसं ठाऊक नाही, याचं नवल वाटलं. पाय गेले तर इतक्या लांबून आईकडे कसा जाणार होतो?

"कावून भितो बे?" उस्ताद मला चिडवत माझ्याच गोंदियाच्या बोलीत म्हणाले. "ऑइल काढून बघितल्याबिगर इंजिनात काय बिघडलंय कळतंय का?"

"अन् इंजिन बंद पडलं तर?"

"भंगारात घालू. हो कुशीवर."

गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, असं माझं गाठोडं करून उस्तादांनी मिठी मारली. ग्रीसचा वास नाकात गेला. बाईंनी आधी बधिर केलं, मग कमरेत कुणी अंगठा रोवल्यागत दाब आला. "अजिबात हलायचं नाही," बाई म्हणाल्या. मी श्वासही घेत नव्हतो.

"गढूळ हाय की बाई," उस्ताद बाटलीकडं बघून म्हणाले. सुई निघेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. निघाली अन् स्वतःच घेरी येऊन खाली बसले. सिस्टरनं माझ्याआधी त्यांनाच प्यायला पाणी दिलं.

मला उताणं पडून राहायला सांगितलं. उस्ताद पायथ्याशी बसले अन् दर थोड्या वेळानं माझ्या तळव्यांना हात लावायचे.

"दाब क्लच."

दाबला.

"आता ब्रेक."

तोही दाबला.

"अहो, पेशंटला झोपू द्या," सिस्टर ओरडली.

"झोपंल हो. ब्रेक लागतोय का तेवढं बघतो."

पाणी तपासून नेमकं औषध सुरू झालं अन् दोन आठवड्यांनी मी पायांनी चालत बाहेर आलो.

उस्ताद स्वतः गुडघ्याचं ऑपरेशन लई वर्षं टाळतायत. एक दिवस मी त्यांना नेणार, शिव्या खात नेणार, अन् ते चालेपर्यंत पायथ्याशी बसणार. तोंडावर सांगितलेलं नाही. पाना फेकून मारतील.