खुन्याचा तळहात

मास्तरांनी चौथा वार केला आणि स्वतःचाच तळहात चिरून घेतला.

खून गादीचा चालला होता. गुंडाळून खाटेच्या लोखंडी गजाला टेकवलेल्या गादीचा. मास्तरांची मावशी परवा बी.ए.च्या पेपराला बाहेरून बसणार होती. तिची रीतच अशी, की कादंबरीतली मारामारी करून पाहिल्याशिवाय तिला ती पटायची नाही. कोण कुठे उभा होता, सुरी कुठल्या हातात, आधी कोण ओरडलं, सगळं समासात पेन्सिलीने लिहिलेलं. या पेपराला नेमलेली हजार पानी कादंबरी भाचा कॉलेजात शिकवायचा, म्हणून खुन्याचं काम त्याच्याकडे. मास्तरांच्या अंगात आलं, पातं गादीतून गजावर आदळलं, मूठ जागच्या जागी राहिली आणि हात पुढे पात्यावर घसरला.

मावशीने आरडाओरडा केला नाही. तीस वर्षं ती अपघात विभागात मलमपट्टी करत होती; रक्तापेक्षा गादीची खोळ गेल्याचंच तिला जास्त लागलं. हात टॉवेलात आवळून तिने भाच्याला आपल्याच इस्पितळात नेलं.

तिथे शेजारच्या खाटेवर एकाचा कान अर्धा लोंबत होता. तो कापणारा मेव्हणा समोरच्या बाकावर फुटलेलं डोकं धरून शिव्या घालत होता. मध्येच तो उठला आणि सलाइनचा स्टँड उचलून कानवाल्यावर धावला. मावशीने हातातला स्टीलचा ट्रे त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कळवळून खाली बसला. तुझा नंबर यांच्यानंतर, असं त्याला सांगून ती मास्तरांच्या तळहाताकडे वळली.

टाके घालता घालता तिने विचारलं, की कादंबरीतला नावाडी सख्ख्या भावावर अठरा वार करतो आणि पुढच्या प्रकरणात त्याचा हात बांधलेला असतो, तो कशाने? मास्तरांनी विव्हळत का होईना, पण वर्गातलंच उत्तर दिलं: तो हात म्हणजे द्वेषाचं प्रतीक. मार्क त्यालाच होते. मागच्या दोन खेपांना मावशीने भलतंच काही लिहिलं होतं आणि ती आपटली होती. ही शेवटची खेप. हुकली तर पदवी कायमची गेली.

“कसलं प्रतीक रे? तुझ्यासारखाच घसरला तो,” मावशी म्हणाली. “रक्ताने मूठ निसरडी झाली, तरी थांबला नाही. द्वेषाने मारणारा जागा बघून एकदा मारतो. अठरा वेळा मारतो तो भ्यालेला माणूस. समोरचा उठेल आणि पुन्हा आपल्यालाच मारेल, या भीतीने.”

मास्तरांना ते पटलं, हीच तर पंचाईत होती. ते काकुळतीला आले. “परवापुरतं द्वेष लिही ना गं. पुन्हा नापास केलं तर?”

मावशीने शेवटचा दोरा कापला.

“तर समजायचं, तपासणाऱ्याने घरात कधी मार खाल्लेला नाही.”