काळ्या डोळ्याचा कुरव

उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुरव पक्षी बघायला मी शिरूरहून फटफटीवर यायचो आणि नावेतला माझा सोबती दौंडहून. मी कारखान्यातून निवृत्त, तो रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होता. नऊ हिवाळे दर रविवारी एकाच नावेत बसलो. एकमेकांच्या घरी कधी गेलो नाही, पण आठवडाभरात माझ्याशी धड बोलणारा तेवढा एकच माणूस होता.

कुरव ओळखणं म्हणजे डोक्याला ताप. त्यांच्या मुलखात उन्हाळ्यात कुणाचं डोकं काळं, कुणाचं तपकिरी. आपल्याकडे थंडीत येतात तेव्हा सगळ्यांचीच पांढरी. मग डोळा बघायचा. डोळा फिकट असला तर तपकिरी डोक्याचा, काळा असला तर काळ्या डोक्याचा. हा नियम मला पाठ होता आणि कुणी न विचारता मी तो शिकवायचो.

गेल्या वर्षी नावाड्याने पाण्यावर मूठभर शेव टाकली, तसा थवा डोक्यावर आला. नावेत पुण्याची चार पोरं कॅमेरे घेऊन बसलेली. एक पक्षी अगदी जवळ आला.

"काळ्या डोक्याचा," मी म्हणालो.

"न्हाई, तपकिरी हाय," तो म्हणाला. "पहिल्या वर्षाचं पिल्लू हाय. पंखाचं टोक बघा, किती काळं हाय."

मी भडकलो. "काळाकुळकुळीत हाय की डोळा! रेल्वेत सिग्नल तरी दिसत होते का तुम्हाला?"

पोरं खो खो हसली. त्याने दुर्बीण पिशवीत घातली. काठ येईपर्यंत ती पुन्हा बाहेर काढली नाही.

घरी येऊन पुस्तक उघडलं. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पिल्लांचे डोळे काळेच असतात. मी तीनदा वाचलं. फोन केला, त्याने उचलला नाही. पुन्हा करायची मला लाज वाटली. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्यानंतरही नाही. त्या हिवाळ्यात मी नुसतीच शेव खाऊन परतायचो.

यंदा पौषात मी एकटाच नावेत होतो. लांबवर दुसरी नाव दिसली, तिच्यावर कुरवांचा थवा. दुर्बीण लावली तर तोच, कानटोपी घातलेला. त्याचीही दुर्बीण माझ्याकडेच. मी हात वर केला. तो हलला नाही, पण दुर्बीणही वळवली नाही.

नावाड्याला सगळं ठाऊक होतं. "आबा, तिकडं घिऊ का नाव? लय लांब न्हाई."

मी पुन्हा दुर्बीण लावली. त्याच्यासोबत नावेत चार माणसं होती; चुकलो म्हणायचं तर त्यांच्यासमोर म्हणावं लागणार होतं.

"नको," मी म्हणालो. "पक्षी इकडंच चांगले दिसतात."

नावाड्याने आमच्या भोवतीच्या रिकाम्या पाण्याकडे पाहिलं आणि वल्हं खाली ठेवलं.