श्रावणातलं मौन

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. यांच्यापाशीही नाही – आणि आता हे राहिले नाहीत. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, म्हणूनच बोलणं जमतंय. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षर मात्र चांगलं आहे, सगळे तसं म्हणतात. त्या अक्षरापासूनच सुरू करते.

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं सात-आठ. दर गुरुवारी आम्ही बायका एका घरी जमतो, भजन म्हणतो, मग चहा. एके वर्षी ठरलं की माणसाने कसं वागावं याचे चार नेम लिहून घरोघरी भिंतीवर लावायचे. लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं – भुकेल्याला आधी वाढावं. कुणाचं मन दुखवू नये. दारी आलेल्याला पाणी विचारावं. रोज थोडा वेळ देवापाशी गप्प बसावं.

जोशीबाईंनी वाचलं नि म्हणाल्या, "वहिनी, खरं बोलावं हे राहिलंच की."

मी काही म्हणायच्या आत सुनंदा म्हणाली, "अहो, वहिनींना ते लिहून कशाला ठेवायला लागतंय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. राहिलं नव्हतं ते. माझा हात चालला नव्हता.

सुनंदा माझ्या वरच्या मजल्यावर राहते. म्हणजे राहायची. तिचे यजमान वसंतराव आणि आमचे हे दिल्लीत एकाच सरकारी कचेरीत होते, घरंही एकाच वेळी घेतली. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी सांगतेय ते पस्तीस वर्षांपूर्वीचं; तेव्हा तिचं लग्न नुकतंच झालं होतं आणि वसंतरावांच्या आई, माई, गावाहून कायमच्या इथे आल्या होत्या. माईंना हिंदीचं एक अक्षर येत नव्हतं. हळूहळू विसरायलाही लागल्या होत्या. चार वाजले की म्हणायच्या, गाय सोडायची आहे. इथे कुठली गाय?

आता माझ्या मौनाचं सांगते. चातुर्मासात कुणी मीठ सोडतं, कुणी कांदा. मी श्रावणभर बोलणं सोडायची – सकाळच्या अंघोळीपासून दिवेलागणीपर्यंत. लोकांना वाटायचं केवढी भक्ती. खरं कारण सांगू? मला बोलायची भीती वाटायची. भाजीवाल्याशी हिंदीत बोलले तर शेजारणी तोंडाला पदर लावायच्या. गप्प राहिले की त्याच बायका माझ्या पाया पडायच्या. गप्प राहून एवढा मान मिळतो, हे मला तिसाव्या वर्षी कळलं आणि मला ते फार आवडलं.

त्या दिवशी श्रावण संपायला पाच दिवस होते. चारचा सुमार. मी खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते. आमची खिडकी तळमजल्यावर, समोरच गेट. सुनंदा दुधाचं टोकन आणि बरणी घेऊन खाली आली. खिडकीशी थांबली. "वहिनी, माई झोपल्यात. दार नुसतं लोटलंय. जरा लक्ष ठेवाल? मी दूध घेऊन आलेच."

मी मान हलवली. हो म्हणून.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. माई. नऊवारी नीट नेसलेली, पायात वसंतरावांच्या मोठ्या चपला, हातात दोरीचा तुकडा. खिडकीशी येऊन माझ्याकडे बघून हसल्या. "गाय सोडून येते गं," म्हणाल्या. आणि मी – मौनाची सवय अशी की कुणी काही म्हटलं की मान हलते – मी मान हलवली.

लगेच लक्षात आलं. लगेच. त्या गेटपर्यंतही पोचल्या नव्हत्या. हाक मारली असती तर वळल्या असत्या. हाक नको, टाळी वाजवायची होती. उठून हात धरायचा होता. पण म्हाताऱ्या माणसाला नुसतं धरून आणता येत नाही, समजूत घालावी लागते. म्हणजे बोलावं लागतं. त्या ओरडल्या असत्या, बायका जमल्या असत्या, मला सगळ्यांसमोर हिंदीत काहीतरी सांगावं लागलं असतं. एवढे दिवस पाळलेलं मौन सुटलं असतं. मी मनाशी म्हटलं, गेटबाहेरच्या कडुनिंबापर्यंत जातील नि परत येतील, रोज जातातच की. आणि पुढचा तांदूळ सुपात ओढला.

त्यातले खडे मी काढले. एकही राहू दिला नाही. तेही आठवतं.

सुनंदा आली, वर गेली, धावत खाली आली. मग सगळी सोसायटी गोळा झाली. वसंतराव कचेरीतून आले तेव्हा ती रडत होती, सांगत होती, मी वहिनींना सांगून गेले होते. सगळे माझ्याकडे वळले. तिन्हीसांज व्हायची होती. माझं मौन चालू होतं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

किती सोपं होतं ते. तोंडाने खोटं बोलायचं असतं तर कदाचित अडखळले असते. समोरच्या सरदारीण बाई म्हणाल्या, "जो औरत महीने भर से मुँह नहीं खोलती, वो झूठ क्यों बोलेगी?" वसंतराव हळू आवाजात म्हणाले, "सुनंदा, निदान वहिनींना तरी यात आणू नकोस."

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. त्यात राग असता तर बरं झालं असतं. ती आठवत होती. मग म्हणाली, "मला वाटलं सांगितलं. नसेल सांगितलं."

दिवे लागले, मौन सुटलं. मी काय बोलले त्या दिवशी? यांना म्हटलं, जेवायला वाढू का.

माई तिसऱ्या दिवशी सापडल्या, हापुडच्या रस्त्यावर एका गुरुद्वारात. तिथल्या लोकांनी त्यांना जेवू घातलं होतं, पायाला पट्टी बांधली होती. त्या नुसतं बाळू, बाळू म्हणत होत्या – वसंतरावांचं घरातलं नाव – ते कुणाला कळेना. पुण्याला नोकरी केलेला एक जुना फौजी लंगरला आला, त्याने मराठी ओळखली. त्या लोकांनी कुठलं व्रत धरलं होतं? पाय बरा झाला नाही. चैत्रात माई गेल्या.

वसंतराव बायकोवर कधी ओरडले नाहीत. फक्त घराची किल्ली स्वतःकडे ठेवायला लागले. म्हणायचे, तुझा भरवसा नाही. मग तीही तेच म्हणायला लागली. गॅस बंद केला का ते बघायला चार-चारदा परत जायची. "माझं डोकं असलंच आहे हो, वहिनी, पहिल्यापासून." पस्तीस वर्षं ती मला हे सांगत होती.

वसंतराव वारल्यावर ती एकटी राहत होती, व्यवस्थित राहत होती. गेल्या महिन्यात तिची मुलगी मेघना आली. जावई मानेसरच्या कारखान्यात आहेत, आईला तिकडे न्यायचं म्हणाली. सुनंदाला जायचं नव्हतं. मला म्हणाली होती, इथे माझी तुळस आहे, गुरुवार आहे, तुम्ही आहात. मेघनाने माझ्यासमोरच विषय काढला. "काकू, तुम्हीच सांगा. आजी हरवली तेव्हापासून आई अशीच आहे ना? एकटीला कसं ठेवू, यार?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती. श्रावण नव्हता. मौन नव्हतं. घरात आम्ही तिघीच होतो, आणि मराठीतच बोलायचं होतं.

मी म्हटलं, "चहा टाकते."

रविवारी ती गेली. जाताना तिच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाली, "तुमच्याकडे असली की मला घोर नाही." किल्ली खिळ्याला टांगली आहे, त्या चार नेमांच्या शेजारी.

माई हरवल्या त्या दिवशी सुनंदा मला सांगून गेली होती. तिला नीट आठवत होतं. मी हो म्हटलं होतं.